चिमट्याला स्प्रिंग कशाला?

स्वयंपाकघर नव्याने लावणाऱ्याला हल्ली एक सल्ला फुकट मिळतो. जुना पट्टीचा चिमटा आणि ती कुरकुरणारी सांडशी भंगारात द्या, दोन्हींच्या जागी एकच आधुनिक चिमटा घ्या. मागे स्प्रिंग, शेपटाला ओढायची कडी, टोकांना सिलिकॉनचे पंजे आणि अंगावर ‘३०४’चा शिक्का. पोळी उलटेल, पापड भाजेल, पातेलं उतरवेल आणि जन्मभर टिकेल. छत्रपती संभाजीनगरात मोड्युलर किचनच्या दुकानांपासून लग्नाच्या रुखवतापर्यंत हा चिमटा पोचला आहे. रुखवतात तो छानच दिसतो, त्याबद्दल वाद नाही. वाद त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल आहे.

या सल्ल्यातला जवळजवळ प्रत्येक दावा तपासला की ढिला निघतो. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतलं विज्ञान आणि क्रांती चौकातली चहाची टपरी एवढं पुरतं.

आधी विज्ञान. ‘साधी यंत्रे’ शिकताना तरफेचे तीन प्रकार सगळ्यांनी पाठ केलेले असतात: टेकू, भार, बल, आणि मध्ये कोण ते पाहायचं. चिमटा तिसऱ्या प्रकारात मोडतो. टेकू मागच्या वळणात, भार टोकाला आणि बोटांचं बल या दोघांच्या मध्ये. बोटं बरोबर मधोमध असली तर टोकाशी पोचतो तो हाताचा निम्माच जोर. पापडाला, फुलक्याला हा तोटा फायद्याचा ठरतो. कमी जोर आणि जास्त पल्ला, म्हणून नाजूक वस्तू चुरगळत नाही. सांडशी पहिल्या प्रकारातली. टेकू म्हणजे रिबीट मध्ये, पुढे आखूड जबडा, मागे लांब दांडे. जबडा चार सेंटिमीटरचा आणि दांडा सोळाचा असेल तर मुठीचा जोर काठावर चौपट होऊन पडतो. तीन लिटर दूध आणि पातेलं मिळून साडेतीन-चार किलो वजन एका हाताने उतरवता येतं ते या चौपटीमुळे.

स्प्रिंगचा चिमटा कितीही महाग असो, त्याचा टेकू मागच्या टोकालाच आहे. म्हणजे तो तिसऱ्या प्रकारातून बाहेर पडू शकत नाही. शिवाय त्याची स्प्रिंग सतत उघडायला बघते, त्यामुळे हाताचा काही जोर तिला दाबून ठेवण्यातच खर्च होतो. अशा अवजाराने उकळतं वरण उतरवायला सांगणं हा निष्काळजीपणा आहे. एकच वस्तू दोन्ही कामं करील हा दावा इथेच संपतो. तरीही तो इतका चालतो, कारण दुकानात चिमटा हातात घेऊन पाहणारा माणूस तो हवेतच दाबून पाहतो.

आपलं पातेलं बिनकानाचं का असतं, हेही लक्षात घ्यायला हवं. कान नसल्यामुळे पातेली एकात एक बसतात, मांडणीवर जागा कमी लागते, घासायला सोपी जातात. त्या सगळ्यांचे कान म्हणजे एक सांडशी. पातेल्याचा बाहेर वळवलेला काठ आणि सांडशीचा जबडा ही एकमेकांसाठी घडलेली जोडी आहे. त्यातलं एक काढून टाकायचं तर दुसरंही बदलावं लागेल. सल्ला देणारे हा खर्च धरत नाहीत.

आता टपरी. ज्यांची रोजीरोटी गरम वस्तू धरण्यावर चालते ती माणसं काय वापरतात, याहून मोठा पुरावा कुठला? चहावाल्याची पक्कड सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो वेळा उघडते-मिटते. पातेलं उचल, गाळणीवर वाकव, परत ठेव. ती पक्कड बारकाईने पाहावी. काळी पडलेली, दांड्यांचा रंग गेलेला, जबड्याचे दाते झिजलेले. पण रिबीट घट्ट. तिला स्प्रिंग नसते, रबर नसतं. आधी कधी प्लॅस्टिकच्या मुठी असल्याच तर त्या पहिल्या काही महिन्यांतच वितळून किंवा निसटून गेलेल्या असतात, आणि चहावाल्याने त्यांच्यासाठी हळहळ केलेली नसते.

नानखलिया खायला शहागंजाच्या बाजूला जाणाऱ्यांनी जेवण येईपर्यंत तंदूरकडे नजर टाकावी. परंपरा या पदार्थाचं नातं थेट मुहम्मद बिन तुघलकाशी जोडते. त्याने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या लष्करी मुदपाकखान्यातून तो आला म्हणतात. ते खरं असो वा नसो, तंदूरच्या भिंतीला चिकटलेला नान सुटतो तो लांब सळयांनी. एकीचं टोक आकड्यासारखं वळलेलं, दुसरीचं चपटं. हलणारा भाग एकही नाही.

आणि तिसरा साक्षीदार सगळ्यात भारी: घिसाडी. रस्त्याच्या कडेला पाल, जमिनीत खोदलेली लहानशी भट्टी, कोळशावर फुंकणारा भाता किंवा आता हाताने फिरवायचा पंखा. बाई दोन्ही हातांनी घण घालते आणि समोर बसलेला माणूस लाल लोखंड ऐरणीवर फिरवत राहतो. घाव चुकला तर त्याचा हात जाईल, लोखंड निसटलं तर दोघंही भाजतील. ते लोखंड तो सांडसाने धरतो. दोन दांडे, एक रिबीट, बस्स. नऊशे अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडाशी रोज भिडणारं अवजार याहून सोपं करता आलं नाही आणि अवघड करायची गरज पडली नाही. बरं, तो सांडस घिसाड्याने स्वतःच घडवलेला असतो. बिघडला तर दुरुस्तही तोच करतो.

टिकाऊपणाचा मूळ मुद्दा इथे आहे. अवजार मोडतं ते सांध्यापाशी. पट्टीच्या चिमट्यात सांधा नसतो, सांडशीत एक असतो. स्प्रिंगच्या चिमट्यात मोजून पाहावं: दोन पोकळ हात, त्यांना जोडणारी पिन, पिनेभोवती स्प्रिंग, सरकणारी कडी, तिचा दांडा, टोकांना डकवलेलं सिलिकॉन, कधी मुठींवरही रबर. यातलं काहीही एक गेलं की वस्तू निकामी. कडी वाकली तर चिमटा उघडत नाही, स्प्रिंग मेली तर उघडा राहत नाही. पोकळ हातांत आणि पिनेच्या बेचक्यात कणीक, तूप, हळद जाऊन बसते आणि ती काढायला धारेखाली बराच वेळ धरावं लागतं. आता हे शहर कुठलं आहे? जायकवाडीचं धरण जवळ असूनही नळाला दिवसाआड पाणी येणं हे इथे स्वप्न ठरलं. १,६८० कोटींच्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं आणि मे २०२२ मध्ये पाण्यासाठी मोठा मोर्चा निघाला. ज्या घरात भांडी घासताना तांब्या-तांब्याचा हिशोब होतो तिथे धारेखाली धरायची वस्तू विकत घेणं हे दुखणं विकत घेणंच. बोअरच्या जड पाण्याने पिनेवर जो पांढरा थर बसतो तो निराळा. साधा चिमटा एका पुसण्यात कोरडा होतो.

सिलिकॉनच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं एक खरं आहे, ते मान्य करायला हवं. नॉनस्टिक तव्यावर धातूचा चिमटा खरवडला तर लेप जातो. मग तिथे लाकडी उलथनं वापरावं, प्रश्न मिटला. मराठवाड्यातल्या घरांत चिमट्याचं खरं काम तव्यावर थोडंच असतं? ज्वारीची भाकरी एका बाजूने तव्यावर शेकून झाली की दुसऱ्या बाजूने थेट आचेवर जाते. चुलीपुढचा आर असो की गॅसची ज्योत, ती टम्म फुगते ती तिथेच. वांगं भरतासाठी देठाला धरून ज्योतीवर फिरवायचं असतं. पापड, सुक्या मिरच्या, खोबऱ्याची वाटी, सगळं आचेवर. चांगलं सिलिकॉन साधारण दोनशे-सव्वादोनशे अंशांपर्यंत तग धरतं. गॅसची ज्योत त्याच्या कितीतरी पट गरम, हजार अंशांच्या खूप वर. सिलिकॉनचा पंजा त्यात गेला की कडेने तडकतो आणि जळाल्यावर पांढरी भुकटी होऊन झडतो. आणि झडतो कुठे? भाकरीवर.

काळ्या नायलॉनच्या टोकांची गोष्ट आणखी वेगळी. नायलॉन प्रकाराप्रमाणे सव्वादोनशे ते दोनशे साठ अंशांच्या दरम्यान वितळतंच, पण त्याआधीही काही घटक अन्नात उतरतात. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं होतं की अशी अवजारं सत्तर अंशांहून गरम अन्नात शक्य तितका कमी वेळ ठेवावीत. एवढं पुरेसं आहे. २०२४ मध्ये काळ्या प्लॅस्टिकच्या अवजारांतल्या ज्वालारोधक रसायनांवर अमेरिकेतला एक अभ्यास गाजला, तो मात्र इथे वापरण्यात अर्थ नाही. साठ किलोच्या माणसासाठी सुरक्षित मर्यादा काढताना सात हजारांना साठने गुणून बेचाळीस हजार लिहिलं गेलं होतं. खरं उत्तर चार लाख वीस हजार. दहापटीची ही चूक पुढे दुरुस्त झाली, भीती मात्र फिरतच राहिली. प्रतिपक्षाचा चिमटा खराब आहे म्हणून त्याच्याविरुद्ध कुठलाही पुरावा चालवून घ्यायचा नसतो.

‘३०४’चा शिक्का हा या सल्ल्याचा हुकमी एक्का. स्टेनलेस स्टीलच्या या ग्रेडमध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं, गंजाला ते चांगलं तोंड देतं, हे सगळं बरोबर. लोणच्याची बरणी, ताकाचं पातेलं, चिंचेचं सार यांसाठी ३०४ हवंच. पण चिमट्याला आंबट-खारट किती वेळ लागतं? भाकरीचा, पापडाचा स्पर्श काही सेकंदांचा. चिमटा मरतो तो वाकून, फाकून, थकून. आणि ताठपणाच्या बाबतीत ग्रेड जवळजवळ काहीच करत नाही. सगळ्या पोलादांची लवचिकता सारखीच म्हणावी इतकी जवळ असते. फरक पडतो जाडीने, आणि तोही घनाने. पट्टी दुप्पट जाड केली की ताठपणा आठपट. गंमत अशी की ज्याला दुकानदार ‘हलकं’ म्हणून बाजूला सारतो ते दोनशेच्या मालिकेतलं स्टील, म्हणजे निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेलं, कायमचं वाकण्याच्या बाबतीत ३०४ पेक्षा थोडं जास्तच चिवट निघतं. पातळ ३०४ चा चिमटा जाड २०२ च्या चिमट्याहून आधी फाकेल. गंजेल मात्र २०२ आधी, ओला ठेवला तर.

चुंबकाची परीक्षा तर पूर्णच फसवी. चुंबक चिकटला म्हणजे नकली आणि नाही चिकटला म्हणजे ३०४ असं छातीठोक सांगितलं जातं. ४३० ग्रेडचं स्टील चुंबकाला चिकटतं आणि तरी अस्सल स्टेनलेस असतं. २०१ आणि २०२ चिकटत नाहीत, पण ती ३०४ नव्हेत. उलट ३०४ च्या पट्टीला जोरात वाकवलं तर वळणापाशी तीही किंचित चिकटते. म्हणजे चिमट्याच्या बाबतीत चुंबक नेमका जिथे लावला जातो तिथेच तो खोटं बोलण्याची शक्यता जास्त. शिक्क्याचं म्हणाल तर तो मारायला एक ठसा आणि एक हातोडा पुरतो. केंद्र सरकारला मार्च २०२४ मध्ये स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढून आयएसआय चिन्हाची सक्ती करावी लागली, ती काही सगळे शिक्के खरे होते म्हणून नव्हे.

खरी परीक्षा या शहराला शिकवायची गरज पडू नये. बजाज ऑटो १९८०च्या दशकात वाळूजला आली, तिच्या मागोमाग पत्रा कापणारी, दाबणारी, वाकवणारी कितीतरी वर्कशॉप उभी राहिली. चिकलठाणा आधीपासून होतंच, शेंद्रा नंतर आलं. प्रेसशॉपमध्ये काम केलेला माणूस इथे गल्लीगल्लीत सापडतो. पत्रा जिथे कोंबून वळवला जातो तिथे तो आधी थकतो आणि गोल, ऐसपैस वळण दिलं तर ताण वाटला जातो, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. पट्टीवर उभी नाळ दाबून काढली की तोच पत्रा कितीतरी ताठ होतो, हेही तो जाणतो. कंपनीत तो जॉबची बर, म्हणजे कापलेल्या कडेचा खरखरीतपणा, अंगठ्याने तपासतो, घरी येताना मात्र डब्यावरचं चित्र पाहून चिमटा आणतो. कमाल आहे!

आता दुसऱ्या गोटाकडे वळायला हवं, कारण स्प्रिंगवाल्यांना विरोध म्हणजे ‘जुनं ते सोनं’ला पाठिंबा असा सोयीस्कर समज होतो. लोखंडी चिमट्याचे भक्त प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधल्या हमीदला साक्षीला बोलावतात. १९३३ सालच्या त्या कथेत हा पोरगा जत्रेतली खेळणी सोडून आजीची बोटं भाजतात म्हणून तीन पैशांत चिमटा घेतो आणि मित्रांशी वाद घालून चिमटाच श्रेष्ठ ठरवतो. वाद त्याने जिंकला तो मातीच्या खेळण्यांशी. ओल्या मोरीत पडून राहणाऱ्या लोखंडाला गंज चढतो, याबद्दल कथेत अवाक्षर नाही. चुलीच्या घरात लोखंडी चिमटा रोज तापायचा, कोरडा व्हायचा, म्हणून टिकायचा. सिंकमध्ये रात्रभर भिजणाऱ्या फ्लॅटमधल्या चिमट्याची गोष्ट वेगळी. ज्याच्या घरी वापरून लगेच पुसायची, अधूनमधून तेलाचा हात फिरवायची सवय आहे, त्याने घिसाड्याकडून जरूर घडवून घ्यावा. नसेल त्याने स्टील घ्यावं. लोखंडी चिमट्यातून अंगाला लोह मिळतं, हा तर निव्वळ गोड गैरसमज. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजत राहिली तर लोह उतरतं. भाकरीला सेकंदभर टेकलेल्या टोकातून काय उतरणार?

‘चिमटा तो केवढा, मोडला तर दुसरा आणू’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर थोडक्यात देता येतं. पापड सुटला तर पापड जातो. सांडशी सुटली तर उकळतं पाणी पायावर येतं. आणि ती अचानक सुटत नाही; रिबीट सैल होतंय हे कित्येक आठवडे आधी हाताला कळत असतं, फक्त ‘दुसरी आणू’ म्हणत दिवस निघतात. सैल रिबीट ऐरणीवर दोन ठोक्यांत आवळता येतं. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या हत्यारांशी खेळणारं कुणीही ते करून देईल. मेलेली स्प्रिंग कोण दुरुस्त करणार?

मग घ्यायचं काय? फुलके-पापडासाठी पट्टीचा चिमटा, बिनस्प्रिंगचा, बिनसांध्याचा. मागचं वळण गोल आणि मोठं, पट्टीवर उभी नाळ, टोकं सपाट आणि बोथट. दातेरी टोकं पोळी फाडतात. दाबल्यावर दोन्ही टोकं उजेडाकडे धरून पाहावीत. एक पुढे, एक मागे जात असेल तर तो चिमटा पहिल्या दिवसापासून तिरका आहे. भाकरी फुलक्यापेक्षा तिपटीने तरी जड, म्हणून ज्वारीच्या घरात टोक रुंद आणि पट्टी जाडच हवी. सांडशी घेताना जबड्याइतकंच दांड्यांकडे बघावं. पूर्ण मिटल्यावर दोन दांड्यांत बोटभर जागा उरली नाही तर तळहाताची कातडी त्यात सापडणारच. रिबीट पोलादी असावं. पोलादाच्या मोठ्या अंगात अ‍ॅल्युमिनियमचं छोटं रिबीट बसवलं आणि मध्ये खारट पाणी गेलं की मऊ धातू कुरतडला जातो, आणि सांडशी डोलायला लागते. मुठींवर प्लॅस्टिक नकोच. खाली पाणी साचतं, वर शेजारच्या बर्नरची आच लागते. फडकं आहे की घरात.

घरी पनीर भाजत असाल, कोंबडीचे तुकडे उलटत असाल, नूडल्स वाढत असाल तर स्प्रिंगचा चिमटा तिसरी वस्तू म्हणून खुशाल ठेवा. त्या कामासाठी तो जगभरच्या हॉटेलांत चांगलाच चालतो. पहिल्या दोन्हींच्या जागी मात्र नको.

आणि गुलमंडी-कासारी बाजाराकडे सांडशी घ्यायला जाल तेव्हा ती हवेत दाबून परत ठेवू नका. दुकानातलंच एखादं पातेलं पाण्याने भरून द्यायला सांगा आणि काठ धरून उचलून बघा. दुकानदार कुरकुरला तर पुढचं भांड्यांचं दुकान चार पावलांवर आहे.